मैदानावरचं वाळवण

९ एप्रिल १९८६, पडेगाव

फितूर! दुसरा शब्दच नाही. आमचे हे — मैदान बचाव समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब, परवापर्यंत 'माझ्या अंगावरून यंत्र न्या' म्हणून गरजणारे — आज तिथं होऊ घातलेल्या स्टेडियमच्या बाजूनं बोलून आले. भूमिपूजनाला मंचावर खुर्ची मिळणार म्हणे! मी जाब विचारला तर, "चार बायकांच्या पापडांसाठी विकास थांबवायचा का?"

चार बायका काय? त्या मैदानाशिवाय आम्हाला उंबऱ्याबाहेर बसायला जागा तरी कुठंय? दाखवतेच.

१० एप्रिल

भाजी मुद्दाम करपवली. ह्यांनी मुकाट खाल्ली. पण एवढ्यानं माझा राग जात नाही.

१२ एप्रिल

मैदानापलीकडच्या गल्लीतून गुलशन आली. दर उन्हाळ्यात आमचं वाळवण शेजारी शेजारी असतं. तिला बेत सांगितला — भूमिपूजनाच्या सकाळी अख्खं मैदान कुरडया-पापडांनी झाकायचं. अन्नावर पाय कोण देणार? ती हसत सुटली. "रिज्क पे पाँव? तौबा! साब लोगां किधर से जाते, देखती मैं, भाभी."

गहू भिजत घातले. ह्यांना वाटतंय, लेकीला पाठवायच्या कुरडया!

१६ एप्रिल

झालं! उजाडायच्या आत लुगडी, चादरी पसरल्या. कुरडया, सांडगे, गुलशनच्या शेवया — मातीला जागाच ठेवली नाही. भूमिपूजनाला आलेले सरकारी साहेब कडेला ताटकळले. यंत्रवाला बद्रीनाथ खालीच उतरला. "साहेब, अन्न हाय ते. माझ्याच्यानं नाय व्हनार."

आमचे हे इस्त्रीच्या धोतराचा सोगा धरून पाय टेकायला जागा शोधत होते. मी सगळ्यांदेखत ओरडले, "अहो, या की! चार बायकांचंच आहे, द्या पाय!" केवढा हशा! साहेब तणतणत जीपमध्ये बसले. ह्यांची मान लाल. नवऱ्याची फजिती बघून इतकं गार वाटावं? वाटलं. देवाची माफीबिफी मागणार नाही.

१९ एप्रिल

अबोला. धरा! मी रोज सांडगे घालीन.

२ मे

मैदान वाचलं. हे आज बोलले, ताटावरून मान वर न करता. "जागा बदलली. पलीकडची गल्ली उठवणार. घरं बिनकागदाची आहेत, मीच सुचवलं साहेबांना. आता घाल वाळवण. एकटीच."