हिरव्याला हात लावायचा नाही

सोमवार, ३ तारीख
नव्या नोकरीचा पहिला दिवस. खिडकीजवळची जागा, न डुगडुगणारी खुर्ची आणि हाकेच्या अंतरावर चहाचं यंत्र. आणखी काय पाहिजे? कंपनी घरी वापरायची श्वासयंत्रं बनवते. माझी ताई दोन वर्षं याच यंत्रावर आहे. तिच्या छातीचे स्नायू पार थकलेत, तिच्या वतीने यंत्रच श्वास घेतं. नोकरीचं कळवलं तेव्हा म्हणाली, आता माझा श्वास तुझ्या हातात आहे, निदान फोन तरी पहिल्या रिंगला उचलत जा. मागे भावजी हसताना ऐकू आले. मला मात्र एकदम भरून आलं.

मंगळवार, ४
काम समजलं. आमचा प्रोग्राम काही सगळा आम्ही लिहिलेला नाही. कुणीकुणी लिहून ठेवलेली चारशे छोटी पॅकेजं त्यात जोडलीत. त्यांतल्या कुठल्या पॅकेजला भोक आहे, कुठून चोर शिरेल, हे तपासणीचा रिपोर्ट लाल ओळींत सांगतो. लाल ओळी सदुसष्ट. त्या मी शून्यावर आणायच्या. टीमच्या प्रमुखांना सगळे मास्तर म्हणतात, कारण ते खुर्चीत बसून बोलूच शकत नाहीत. त्यांचा नियम एकच: रिपोर्ट एकदा हिरवा झाला की त्याला हात लावायचा नाही.

गुरुवार, ६
मान मोडून काम केलं. सहासष्ट ओळी खलास. उरलं एकच पॅकेज, 'पॉज'. अकरा ओळींचा जीव, दोन श्वासांमधलं अंतर मोजतो. माझ्या जागी आधी बसणाऱ्या गृहस्थांनी त्याच्या जुन्या व्हर्जनला कुलूप घालून ठेवलं होतं, म्हणजे नवं व्हर्जन आत येऊच नये. आमच्याकडे अशा कुलपाशेजारी कारण लिहावंच लागतं. त्यांनी लिहिलंय, जुनंच राहू द्या, नवं आत घेऊ नका. याला काय कारण म्हणायचं? शुद्ध आळस! मी कुलूप काढलं. आता नवं व्हर्जन आलं की आपोआप आत येईल आणि तसंच घरोघरच्या यंत्रांपर्यंत पोचेल. रिपोर्ट हिरवागार. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवार, १०
दुपारी चारला 'पॉज'चं नवं व्हर्जन आलं. काय बदललं, या रकान्यात एकच ओळ होती: एक श्वास वगळला, कुणाच्या लक्षात आलं नाही. लिहिणाऱ्याचं नाव कोरं. कुणाला तरी भलताच विनोद सुचलेला दिसतो.
ताईला फोन केला. ती मजेत होती. फक्त चारच्या सुमाराला पायरी चुकल्यासारखं झालं म्हणाली.

मंगळवार, ११
चार वाजता पुन्हा नवं व्हर्जन. रकान्यात: दोन वगळले.
अकराच्या अकरा ओळी पाच वेळा वाचल्या. श्वास वगळेल असं त्यात काहीही नाही. ताई म्हणते, आजही तसंच झालं. मला आता भीती वाटायला लागली आहे.

बुधवार, १२
चार वगळले. जुनं व्हर्जन परत आणलं, कुलूप घातलं. जागेवरून उठलेही नाही, तर कुलूप गेलेलं. पुन्हा घातलं. पुन्हा गेलं. मास्तरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, रिपोर्ट हिरवा आहे ना, मग उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस.

गुरुवार, १३
आठ. रोज दुप्पट. डॉक्टरांनी ताईचं यंत्र तपासलं, काही दोष नाही म्हणाले. यंत्र काढावं म्हटलं तर त्याच्याशिवाय ती पाच मिनिटंही—

शुक्रवार, १४
सोळा. जवळजवळ एक मिनिट. भावजी सांगत होते, ओठ निळे पडले होते आणि पडद्यावरची श्वासाची रेषा मात्र व्यवस्थित चालू होती. मास्तर फोन उचलत नाहीत.
मी केलं हे. माझ्या हातांनी.

शनिवार, १५
ताईकडे आले आहे. बत्तीस. भावजींनी हवेची रबरी पिशवी हाताने दाबून दाबून तिला श्वास दिला. शुद्धीवर आल्यावर मलाच म्हणाली, वेडाबाई, रडू नकोस. उद्या चौसष्ट. मग—

रविवार, १६
सकाळीच दवाखान्यात हलवलं. इथलं श्वासयंत्र दुसऱ्याच कंपनीचं, दुप्पट मोठं. सुटलो! भावजींना बाहेर बसवलंय. नर्सने पिशवीही त्यांच्याकडेच देऊन टाकली, इथे ती लागत नाही म्हणे.

पावणेचार. नर्सने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. चालू होताना आतल्या पॅकेजांची यादी पडद्यावरून सरकली. त्यात मधेच—
'पॉज'.
नर्सला सांगितलं. ओरडून सांगितलं. ती रेषेकडे बोट दाखवते. शांत बसा म्हणते, नाहीतर बाहेर जा. बाहेर गेले तर हिच्याजवळ कोण—
बसले आहे. ताईची छाती वर आली की इथे एक रेघ. एवढंच करता येतं मला.
। । । । । । । । ।
ती माझ्याकडे बघून हसली.
। । । ।
चार वाजले. रेषा चालू आहे. नर्स म्हणते, बघा, किती छान चाललंय. ताईची छाती