झोळीला ढील द्यायची असते

माय, नातीनं मला झोळी आणून दिली आहे. तू लुगड्याची बांधायचीस तशी नाही, मोठ्या माणसाची. ती पुण्यात शिकते, सुट्टीत मैत्रिणींबरोबर डोंगरावर जाते, तिथं दोन झाडांना ही बांधतात आणि तिच्यात झोपतात म्हणे. कापड इतकं पातळ की घडी करून नारळाएवढ्या पिशवीत बसतं. मी ते बोटांनी चोळून पाहिलं, उजेडाला धरून पाहिलं, आणि पहिलं हेच विचारलं की हे माझं वजन धरील का. ती म्हणाली, "आबा, ह्यात तुमच्यासारखे तिघं मावतील." मला तिघांचं काय करायचं होतं. मला एकट्यालाच झोप लागत नव्हती.

ते तुला आधी सांगायला हवं होतं. तुझी सून गेल्यापासून माझी झोप गेली. माझा स्वभाव तुला माहीत आहे. लहानपणी मी शाळेतून मधल्या सुट्टीत घरी पळत यायचो, चुलीतला विस्तव विझवला का ते बघायला. आता रात्री पाण्याची मोटार बंद केली का, बैलाचा कासरा सुटला तर नाही ना, कुत्रं का भुंकत नाही, असं एकामागून एक उठून बघतो. दिवसा पडावं म्हटलं तर बाजेवर कंबर धरते, आणि खाली पडावं तर विंचवाचं भ्या. मग पावसाळ्यात एकदा हौदापाशी चक्कर येऊन पडलो. मुलगा शहरातून आला, मला बीडला नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, ह्यांना आजार काही नाही, हे माणूस झोपत नाही. परत येताना गाडीत, पाटोद्याच्या अलीकडं मुलगा म्हणाला, "आबा, संकरांतीपर्यंत बघू. झोप लागाया लागली तर ऱ्हावा शेतात. न्हाईतर बैलं इकायची अन् माझ्याकडं यायचं. तुमी हौदात पडून ऱ्हायलात तर मला कोण सांगणार हाय?" त्याचं चुकत नव्हतं. त्याच्या घरी मी आठ दिवस राहून आलो आहे, सगळी जीव लावतात. पण चौथा मजला, माय. दार उघडलं की समोर दुसरं दार. सकाळी उठून बघायचं काय, हेच कळत नाही.

नात दिवाळीला आली ती ही पिशवी घेऊनच. वस्तीवर लिंब आणि चिंच आहे ना, त्या दोन्हीमध्ये तिनं झोळी बांधली. रुंद पट्टे खोडाभोवती फिरवले, लोखंडी कड्या अडकवल्या, आत बसली, पाय वर घेतले आणि आडवी झाली. "बघा आबा, किती सोपंय." मी लांब उभा राहून फांद्यांकडं बघत होतो. म्हटलं, लिंबाला वाळवी तर नाही ना. ती हसली. दुसऱ्या दिवशी गाडीनं गेली.

ती गेल्यावर मी झोळीपाशी उभा राहिलो. मध्ये पोक आलं होतं, कापड गुडघ्याच्या जरा वरपर्यंत लोंबत होतं. मला ते बघवेना. दादांचा मुलगा मी. दादा गावाच्या बाजा विणायचे ते तुला काय सांगू. बाजेच्या चौकटीला पाय लावून पायथ्याची दोरी अशी ओढायचे की गळ्याच्या शिरा फुगायच्या. कुणाची बाज ढिली दिसली की त्या घरात पाणीसुद्धा प्यायचे नाहीत, आधी दोरी आवळायचे. मग मीही आवळलं. कड्या पट्ट्यांच्या पुढच्या पुढच्या फासात अडकवत गेलो, गुडघा खोडाला लावून ओढलं, आणि झोळी अशी ताठ झाली की टिचकी मारली तर वाजावी. मला बरं वाटलं. चढलो. माय, ते कापड माझ्याखालून निघूनच गेलं. मी तोंड वर करून मातीत बसलो, माकडहाडावर.

बांधापलीकडं माझ्याच वयाचा शेजारी तुरीत उभा होता. नेमका. तो काठी टेकत आला, मला उठवलं नाही, आधी झोळीकडं बघितलं. "काय बे, ह्या वयात पाळण्यात?"

"नातीनं दिली," मी म्हटलं.

"मंग बारसं कवा हाय? घुगऱ्या घिऊन येतो."

"हात दे आधी."

त्यानं हात दिला. वर म्हणाला, "लेका, लई ताणली तू. ही काय बाज हाय का?" पण तोही बाजेवरच झोपणारा, त्याला तरी काय ठाऊक. नंतर आणखी एकदोनदा चढलो. पडलो नाही, पण ताठ कापडाच्या कडा वर येऊन दोन्ही खांदे असे आवळायच्या की श्वास घेताना भीती वाटायची. नातीला फोनवर म्हटलं, छान आहे. झोळी पिशवीत भरून खुंटीला लावून टाकली. दिवस जात होते, हुरड्याची ज्वारी निसवायला लागली होती, आणि मुलगा फोनवर रोज एकच विचारायचा, "लागली का झोप?"

आणि मग एका दुपारी भाकरी खाऊन बसलो होतो, तर तू आठवलीस. आठवलीस म्हणजे तुझा आवाजच आला. चकलांब्याकडचं ते शेत, तिथं तू निंदायला जायचीस. धाकटी तेव्हा सहा महिन्यांची असेल. तिच्यासाठीच माझी शाळा सुटली होती, सातवीचं वर्ष अर्धं राहिलं, मी तिला धरायचो. एक दिवस तू म्हणालीस, आज झोळी तू बांध. मी बाभळीच्या दोन फांद्यांना लुगडं बांधलं, आणि दादांना बघितलेलं, म्हणून जीव खाऊन ओढलं. धाकटीला आत ठेवलं तर ती किंचाळायला लागली, आणि बाहेर घरंगळणार तेवढ्यात तू खुरपं टाकून धावत आलीस. मला वाटलं आता बसतो धपाटा. तू म्हणालीस, "आरं, तू बाज इनतोस का झोळी बांदतोस? ढील दे की. त्या लेकराला बसाया जागा नगं का?" तू गाठ सोडलीस, हातभर ढील दिलीस. फाटक्या वाकळेचा तुकडा आधी खाली घातलास. मी म्हटलं, वारं वरून लागतं, पांघरूण खाली कावून? तर म्हणालीस, झोळीला खालून वारं लागतं. मग धाकटीला उचललंस, आणि सरळ नाही ठेवलंस, तिरपी ठेवलीस. डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला. "शीदी टाकली तर इळ्यावानी वाकती. तिरपी टाकली की पाट सपाट ऱ्हाती." ती लगेच गप्प झाली. तू परत खुरपं घेऊन तासाला लागलीस. एवढंच.

ते सगळं त्या दुपारी हातात आल्यासारखं झालं. मी खुंटीवरची पिशवी काढली. पट्टे बांधले, ह्या वेळी दादांकडं बघितलं नाही. पोक आलं ते येऊ दिलं. पायाकडची बाजू जरा उंच घेतली, कारण मागच्या वेळी अंग सारखं खाली सरकत होतं. बाजेवरची वाकळ आणून आत अंथरली. मग आधी बाजेवर बसावं तसं मधोमध बसलो, पाय घेतले आणि तिरपा झालो. डोकं लिंबाकडून जरा डावीकडं, पाय चिंचेकडून उजवीकडं. माय, कंबर सपाट झाली. मला पटेना. मी हात घालून खालून चाचपून बघितलं, खरंच सपाट. कापड कुठं आवळत नव्हतं. विंचू खाली, मी वर. चिंचेच्या पानांतून उजेडाचे ठिपके तोंडावर हलत होते. मोटारीचं मनात आलं, पण तेवढ्यासाठी उठायचं म्हणजे वाकळ विस्कटणार, म्हणून म्हटलं जरा वेळानं बघू. आणि जाग आली तेव्हा बैल पाण्यासाठी हंबरत होते.

तेव्हापासून जेवलं की झोळीत. दुपारची झोप अंगात मुरली तशी रात्रीचीही थोडी थोडी यायला लागली. शेजारी येतो, खाली बसून तंबाखू मळतो आणि म्हणतो, "बाळ उटलं का?" परवा त्यानं हळूच विचारलं, ही कुठं मिळती. तिरपा पडलो की प्रत्येक वेळी मला तू दिसतेस. दिसतेस ती जेवणाच्या सुट्टीत बाभळीच्या खोडाला पाठ लावून बसलेली, बसल्या बसल्या मान कलंडलेली. झोळी तुला येत होती, पण तुला कुणी बांधून दिली नाही. आम्हा सगळ्या भावंडांच्या पाठी तू सरळ ठेवल्यास. हे तुझ्या हयातीत सुचलं असतं तर बोललो असतो का, तेही सांगता येत नाही. आपल्यात असलं बोलत नव्हतं कुणी. आता बोलतो.

संक्रांतीच्या आधी मुलगा आला, न कळवता. त्याच्या फटफटीचा आवाज मी ओळखतो. मी झोळीत होतो, नुकताच पडलेला. उठून बसणार होतो. शेजारी खाली बसलेला होता, त्याला मुलानं दबक्या आवाजात विचारलं, "कवापास्नं झोपलेत?" आणि तो म्हणाला, "लई येळ झाला. मगाशी घोरत व्हते." मी घोरत नव्हतो. मग मुलानं चपला काढल्याचा आवाज आला. तो जवळ येऊन उभा राहिला, फार वेळ. पायाच्या अंगठ्याला खाज सुटली होती, पण मी हललो नाही. मग त्यानं कापडाला हात लावला आणि एक झोका दिला. एकच, अगदी हलका, आणि अनवाणीच बैलांकडं गेला. संध्याकाळी चहा पिताना बैल विकायचं काही बोलला नाही. निघताना फटफटीवर बसून म्हणाला, "पेंड सरत आली हाय. फुडल्या येळंला येताना आणतो."

हे पाठवायचं नाहीच, माय. तू असतीस तरी तुला अक्षर ओळखू येत नव्हतं, मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि शेवटाला आल्यावर मी कागद बाजूला ठेवला असता. तो आला तेव्हा मी जागा होतो, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. डोळे मिटून पडलो होतो. झोप लागली ती त्याच्या झोक्यानंतर.