बाराव्या वाढदिवसाची झालर

वन्सं,

तुम्ही फोनवर म्हणता, "शिवू दे त्याला, मन रमतं." मन तुमच्या भावाचं रमतं, कपाट माझं भरतं. चिमी गेली तेव्हा पाच वर्षांची होती. तरी तिच्या प्रत्येक वाढदिवसाला हा माणूस दुकानातली गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून तिच्यासाठी फ्रॉक शिवतो, दर वर्षी एक माप मोठा. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

आज ती बारा वर्षांची झाली असती. सकाळी महाशय गुलाबी फ्रॉक घेऊन पुढ्यात उभे, खाली तीच झालर. मी म्हटलं, "एवढी मोठी मुलगी झालर घालते का?"

"तिला आवडते."

"आवडायची. आता तोंड वाकडं करून खिसे मागितले असते तिनं."

"पोरीच्या फ्रॉकला खिसे कशाला?"

झालं, जुंपली आमची. शेजारीण दारात डोकावून गेली. हे न जेवताच दुकानात निघून गेले.

मग मीच झालर उसवली आणि घरच्या मशीनवर तिच्याच कापडाचे दोन खिसे लावले. संध्याकाळी त्यांनी खिशात बोटं घालून पाहिली आणि म्हणाले, "खोल कर थोडे. तिचा हात आता मोठा झाला असेल."

काय बोलायचं अशा माणसाशी?

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तुम्ही म्हणाल, वहिनीचंही मन रमलं. काही रमलेलं नाही. खिसे उसवून खोल करायचेत अजून.

तुमची,
वैतागलेली वहिनी