आण्णांच्या पानातला वडा

आण्णा, तुमच्या म्हाळाचा वडा काल मी कुत्रीला घातला. तुमच्या पानातला, कावळ्यासाठी काढलेला. चुकून नाही, समजून-उमजून.

आपला काळा कुत्रा तुम्हाला आठवत होता का, मला माहीत नाही. मला आठवतो. तुम्ही ओट्यावर उभं राहून त्याला बोलवायचात, पुढं केलेल्या हातात भाकरी, पाठीमागं लपवलेल्या हातात काठी. कुठंतरी कुणाच्या शेळीमागं लागलेला असायचा, म्हणून जवळ आला की काठी. मलाही तशीच हाक. "ये, काय करत न्हाई," म्हणायचात आणि गेलं की कानाखाली. त्या दिवशी तो मिरजगावच्या रस्त्यापलीकडं उभा आहे. तुम्ही भाकरी दाखवता, तो निम्म्या रस्त्यापर्यंत येतो, काठी बघतो आणि तिथंच थबकतो. टेम्पो आला, त्याच्या अंगावरनं गेला. "ऐकतच नव्हतं, मेलं," म्हणून तुम्ही जेवायला बसलात. परत रस्सा मागून घेतलात. मी समोर बसून तुमचा हात बघत होते.

आता त्याच ओट्यासमोर मी माझी कुत्री शिकवते. छातीच्या पट्ट्याला लांब दोरी, खिशात उकडलेलं अंडं. आधी घरात, मग अंगणात, मग रानात. एकदाच हाक मारायची, आली की लगेच घास, आणि परत हुंदडायला सोडून द्यायचं. उशिरा आली तरी रागवायचं नाही. तुमची ती काठी मी बांधावर ठोकलीय, दोरीचं टोक तिलाच बांधते. लोक म्हणतात, कुत्र्याचे लई लाड चाललेत. म्हणू देत.

काल घर पाहुण्यांनी भरलेलं, कुणीतरी फाटक उघडं टाकलं. कुत्री दोरीशिवाय थेट रस्त्याच्या कडेला. भाऊ पायातली चप्पल काढून धावला. "ये हिकडं, हरामखोर," अगदी तुमचाच गळा. ती शेपूट घालून मागं सरकायला लागली, डांबरावर. खिशात अंडं नव्हतं, हातात तुमचं पान होतं. भावाला म्हणाले, "गप उभा रहा." आणि पाठ फिरवून घराकडं पळत तिला हाक मारली, रोजच्यासारखी, लाडाची. ती माझ्याआधी दारात. तिथंच वडा मोडून तिला भरवला.

आत्या म्हणाली, "अगं, बापाचा घास हाय त्यो."

"व्हय," म्हणाले. फार बरं वाटलं, आण्णा.

मग पत्र्यावर दुसरं पान ठेवलं. कावळा शिवेना. ऊन चढलं, पोरं भुकेनं रडायला लागली. भाऊ हात जोडून म्हणाला, "आण्णा, काय चुकलं आसंल तर माफ करा," आणि सगळ्यांना कावळ्याला हाका मारायला लावल्या. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून खरं ते सांगते. सगळे वर बघून ओरडत होते, मीही त्यांच्यात उभी राहून तोंड उघडत होते. आवाज काढला नाही.