तीन परसांखाली

रविवार, १० नोव्हेंबर २०२४
पोचले एकदाची. आईने चंद्रपूरहून दिलेल्या चकल्या मनमाडपर्यंतही टिकल्या नाहीत. कर्वेनगरात सुशीलाबाईंकडे मागची खोली मिळाली आहे. किल्ली देताना त्यांनी सांगितलं की नळ, दिवा आणि तोंड या तीन गोष्टी वेळेवर बंद करायच्या, बाकी त्यांची काही अट नाही. मला ही बाई आवडली.

उद्यापासून नोकरी. भूशास्त्रात एम.एस्सी. करून दीड वर्ष घरी बसले होते, तेव्हा काका येता-जाता विचारायचे की अपेक्षा, दगड शिकून पोट भरतं का गं. आता भरणार. पहिल्या पगारात काकांना पाटा-वरवंटा घेऊन देणार आहे. रोजनिशीची सवय कॉलेजच्या सहलींपासूनची. लिहिल्याशिवाय मला विचारच करता येत नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर
आमची कंपनी इमारतींसाठी जमीन तपासते. हिंजवडीच्या पलीकडे एक मोठी इमारत होणार आहे, तळघराचे दोन मजले, म्हणजे नऊ मीटर खोल खड्डा. तो खोदण्याआधी मशिनने तीस मीटरचं बोअर घेतलं, त्यातून दगडाच्या मनगटाएवढ्या कांड्या निघाल्या. त्या लाकडी पेट्यांत क्रमाने लावून कर्वेनगरच्या आमच्या शेडमध्ये येतात. पाच मीटरला एक पेटी, अशा सहा. त्या वाचायच्या आणि खाली काय आहे ते लिहायचं, हे माझं काम.

साहेबांचं नाव पियुष. दिवसभर फोनवर असतात. बोअर घेणारा शंभू तिकडच्याच गावचा, बायको मैना त्याच साइटवर मजुरी करते. पेट्या टेम्पोतून उतरवताना त्याने मला बजावलं की कांड्या एकदम बाहेर काढायच्या नाहीत, एकेक काढून जागच्या जागी ठेवायची. मी म्हटलं, दादा, दोन वर्षं हेच शिकलेय.

गुरुवार, १४ नोव्हेंबर
कांड्यांवर धुळीचा थर होता. सकाळी सगळ्या धुऊन पुन्हा लावल्या आणि मग काय सांगू, पुस्तकच उघडलं. काळा दगड म्हणजे लाव्हा. मग तांबडा थर, म्हणजे लाव्हा थांबला, हजारो वर्षं ऊन-पाऊस झाला, माती झाली, त्यात काहीतरी उगवलं असेल, वळवळलं असेल. मग पुन्हा लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं हे सगळं. खालचं जुनं, वरचं नवं, एवढा एक नियम धरला की दगड आपणहून बोलतो.

दुसऱ्या पेटीत, म्हणजे पाच ते दहा मीटरमध्ये, एक बीळ आहे. आत माती ठासलेली. माती खाणारा प्राणी पुढे जाताना मागे माती दाबत जातो, तसेच वाकलेले पापुद्रे. तांबड्या थरात असं जीवाश्म बीळ मिळालं म्हणून मी शेडमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या.

सोमवार, १८ नोव्हेंबर
टाळ्या उगाच वाजवल्या.

बीळ तांबड्या थरात संपत नाही. ते काळ्या दगडातही गेलं आहे. मातीत कोणीही बीळ करेल, पण या दगडावर आमची हिऱ्याची पातीसुद्धा झिजतात. आणि नियम असा की जे कापतं ते नंतरचं. दगड थंड होऊन घट्ट झाल्यावर कोणीतरी तो पोखरत गेलं आहे. कधी, ते दगड सांगत नाही. बीळ केवढं रुंद तेही कळत नाही, कांडीची एक बाजू दगड, दुसरी माती आहे. आपल्याला दिसते ती फक्त बिळाची एक कड.

मला भीती वाटली. शेडचं दार उघडं ठेवून काम केलं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर
एक गोष्ट तरी बरी. पापुद्रे एकात एक ठेवलेल्या वाट्यांसारखे आहेत, आणि वाटीचं तोंड जिकडे, तिकडे प्राणी गेलेला असतो. या वाट्यांची तोंडं खाली आहेत. दहा मीटरच्या टोकाला माती सगळ्यात ताजी, पाच मीटरच्या टोकाला वाळून कडक. म्हणजे जे काही होतं ते खाली गेलं, आपल्यापासून लांब.

पियुष सरांना सांगितलं. ते म्हणाले की 'मातीने भरलेली पोकळी, खाली जाते, नऊ मीटरच्या खोदाईला धोका नाही' असं लिही आणि सही कर, तिकडे पोकलेन भाड्याने उभं आहे. मी लिहिलं. सही केली. अहवालावरची आयुष्यातली पहिली सही, तीन वेळा वळून पाहिली.

गुरुवार, २१ नोव्हेंबर
साइटवर गेले. खड्डा तीन मीटरवर आलाय. जमीन विकणारे आप्पासाहेब काठी टेकत आले होते. त्यांनी मला विचारलं की किती खोल जाणार. मी नऊ मीटर म्हटल्यावर त्यांनी बोटांवर परसांत हिशेब केला, चार परसांहून जास्त. एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस, तशाने इथे विहिरी मोजतात. गावातली एकही विहीर तीन परसांहून खोल नाही. शिमग्याला आटतात, बायका मैलभर हंडे वाहतात, तरी कोणी खोल केल्या नाहीत.

मी कारण विचारलं. म्हणाले, "माझी चुलत आजी दुष्काळात तळातला गाळ उपसाया उतरली. दोर वर आला, ती न्हाई आली. पाणी गुडघाभर बी नव्हतं, बाई."

मग जमीन का विकली, असं मी विचारलं नाही. तीन परसांहून खोल जाणं शंभूलाही आवडलं नव्हतं. पण तो म्हणाला की मॅडमनी सही केलीय, मग काय. मी हसले आणि पोकळी लागली तर आतली ताजी माती पिशवीत भरून ठेव म्हणून सांगितलं. तोही खूश झाला.

शनिवार, २३ नोव्हेंबर
दुसऱ्या पेटीतल्या ताज्या टोकाची माती चाळली. हिरव्या काचेचा तुकडा निघाला. बांगडीचा.

थराचं वय त्यातल्या सगळ्यात नव्या वस्तूवरून ठरतं. हे मी परीक्षेत दहा मार्कांना लिहिलं आहे.

सोमवार, २५ नोव्हेंबर
बोअर होऊन तीन आठवडे झाले. सगळ्या कांड्या खडखडीत वाळल्या, बिळातली ही माती अजून ओली आहे. हात लावला. कोमट. उन्हाने असेल म्हणून पेटी सावलीत ओढली. जेवून आले तर मातीचं टोक कांडीच्या बाहेर आलं होतं, बोटभर. मी मोजून गेले होते. पेटीत माझ्याशिवाय कोणी हात घातलेला नाही.

पियुष सर म्हणाले, माती फुगते. फुगते, हे खरं आहे. पण एकाच बाजूला?

रात्री स्वयंपाक केला नाही. सुशीलाबाईंनी न विचारता वरणभात आणून ठेवला. आईला फोन केला आणि चकल्यांबद्दल बोलले.

मंगळवार, २६ नोव्हेंबर, सकाळी ११
नीट लिहायला हवं.

लाव्हा मातीवरून वाहतो तेव्हा मातीची वरची कड भाजते. वरची. काळसर, कडक. दुसऱ्या पेटीतल्या तांबड्या थराची भाजलेली कड खाली आहे. असं होऊच शकत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं.

कांड्या धुतल्यावर मी पेटीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहून भरल्या. उलट्या. अख्खी पेटी उलटी. शंभूने नीट लावली होती.

म्हणजे वाट्यांची तोंडं वर आहेत. आणि ताजं टोक दहा मीटरवर नाही, पाचवर आहे. तेही बोअर घेतलं त्या दिवशी, आता आणखी वर आलं असेल.

पियुष सर मीटिंगमध्ये. शंभूने फोन उचलला. खड्डा पाच मीटरवर आलाय, भिंतीत बीळ लागलंय, बादली जाईल एवढं. आवाजात आनंद होता. तुमची माती काढतो म्हणाला. मी ओरडले, सगळे वर या. तेवढ्यात रेंज गेली.

११.५०
रिक्षात. वाकडच्या पुलाखाली. काही हलत नाही. पुढे कंपन्यांच्या बस, मागे कंपन्यांच्या बस. शंभूचा फोन वाजतो, उचलत नाही. साइटचा सुपरवायझर फोनवर म्हणतो की साहेबांचं पत्र आणा, मगच काम थांबेल. त्याच्याकडे आहे ते पत्र माझंच. माझी सही आहे, धोका नाही म्हणून.

देवा, ही रिक्षा हलू दे.

१२.३५
अजून हिंजवडी चौक. उतरून चालले असते तर—

दुपारी १.२०
शंभू नाही.

खड्ड्यात उतरले. मजूर वर पळालेत, खाली मैना एकटी बिळासमोर उभी. बीळ ठासून भरलंय. आत्ता भरलंय, माती ओली. तो कसा गेला हे विचारलं. ती भिंतीकडेच बघत बोलली.

"हात घातला, म्हनला आत ऊब हाय. मग दुसरा हात घातला. वरडला न्हाई, मॅडम. मी पाय धरलं हुतं."

तिच्या हातात त्याचा एक गमबूट आहे.

१.४५
पियुष सरांचा फोन. पेटी उलटी लागली होती हे सांगितलं. फायर ब्रिगेडला त्यांनी कळवलंय, गाडी ट्रॅफिकमध्ये आहे. मग म्हणाले, शंभूने पेटी उलटी भरली असं लिहून ठेव. आपण वाचू.

नाही. पेटी मी उलटी लावली. मी, अपेक्षाने. शंभूने सांगितलेलं मी ऐकलं नाही. सही माझी. ज्याला ही वही मिळेल त्याने हे मैनाला वाचून दाखवावं.

२.०५
मैना वर येत नाही. ओढलं, हलत नाही. तिला इथे सोडून मी जाणार नाही. एकाला पाठवलंय तेवढं पुरे.

भिंतीतल्या मातीवर हात ठेवला. पापुद्र्यांच्या पाठी आमच्याकडे आहेत. म्हणजे आत गेलं. गेलं, लांब गेलं— असंच मी मागेही लिहिलं होतं.

२.१५
तळाला भेग. आधी नव्हती. बोट घातलं— नाही, घातलं नाही, फक्त जवळ नेलं. ऊब येते.

मैना, चल. मैना ऐकत नाही. दोरासाठी वर हाका मारतेय, कोणी कडेला येत नाही—

२.२०
वरून कोणीतरी दोर सोडला. टोक तिच्या कमरेला बांधते, मग—

ती बसली का? नाही. उभीच आहे. गमबूट छातीशी धरून सरळ उभी. मघाशी ती माझ्याएवढी होती. आता माझ्या खांद्याला लागतेय. ती नुसती माझ्याकडे बघ— दोर ताणलाय, वरून नाही, खालून— मी धरलाय, सोडणार ना