अण्णाच्या दाढेतली चांदी

अप्पा, परवा तुमच्या थोरल्या लेकाचं तोंड आम्ही आतून पाहिलं. तांबरमच्या दवाखान्यात तुम्ही अख्ख्या गावाचे दात तपासलेत, पण आपला अण्णा तुमच्या खुर्चीत बसलेला घरात कुणालाच आठवत नाही. आरसा जवळ नेला की तो ओठ घट्ट मिटून घ्यायचा. त्याला बोलता येत नाही, त्यामुळे दुखलं तरी कळायला मार्ग नाही. यंदा तो जेवेनासा झाला आणि स्वतःचाच हात चावायला लागला, तेव्हा मात्र मी घाबरले. आमच्याच इस्पितळात पूर्ण भूल देऊन दातांचं काम करायचं ठरवलं.

तुम्ही असता तर हत्यारं बघूनच हरखला असता. श्वासाची नळी आम्ही नाकातून घालतो, म्हणजे तोंड कामाला मोकळं. जबड्यांत रबराचा ठोकळा बसवला की भुलेतला माणूस आ वासून पडून राहतो. पाणी आणि दातांचे तुकडे आत जाऊ नयेत म्हणून घशात ओल्या कापडाची पट्टी, म्हणजे पॅक, तिचं टोक ओठाबाहेर लोंबत ठेवलेलं. ती काढली की मोठ्यानं म्हणायचं, ‘पॅक बाहेर!’ आणि बाकीच्यांनीही तेच म्हणायचं, तोवर कुणी जागचं हलायचं नाही. तुम्ही सगळ्यांच्या वरचा आवाज लावला असता. आपल्याच माणसावर हात चालवू नये म्हणून काम माझ्या डॉक्टर मैत्रिणीनं केलं, मी नुसती पाणी ओढायची नळी धरून उभी होते.

किडलेली दाढ निघाली आणि मैत्रीण थांबली. "अगं, हिच्या पुढची कुणी भरलीय?"

मी वाकून पाहिलं. चांदी भरलेली, जुनी, आणि कडा इतक्या गुळगुळीत घासलेल्या की तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं काम असणंच शक्य नाही. घरी आल्यावर अम्माला विचारलं.

"अय्यो, तो केव्हां बसला खुर्चीत?" अम्मा म्हणाली. "आइतवारी तुझे अप्पा त्याला रेल दाखवाला घेऊन जात होते, तेवढंच की."

म्हणजे रेल्वे बघून झाल्यावर तुम्ही दोघं बंद दवाखान्यात जात होतात? किती रविवार त्याला नुसतं बसवलंत? ना भूल, ना नळी, ना ठोकळा. मग त्याचा जबडा उघडा राहिला कशानं? आणि घरी सांगितलं का नाहीत? दोन दिवस मला दुसरं काही सुचत नाही. थोडा रागही आला तुमचा. हेच तर माझं रोजचं काम आहे, मला शिकवायचं होतंत.

आज सकाळी अण्णानं इडली खाल्ली, हात चावला नाही. त्याच्या गालाला बोट लावून मी सहज विचारलं, "अण्णा, अप्पा कसं केले रे हे?" त्यानं माझा हात धरला, माझा अंगठा ठोकळ्यासारखा स्वतःच्या मागच्या दाढांमध्ये ठेवला, दातांनी हलकेच दाबला आणि आ करून माझ्याकडे बघत बसला.

हे पत्र कुठे टाकणार? पण तुम्हाला म्हणून सांगते. खिडकीतून चांगला उजेड येत होता, तोंड पुरतं उघडं होतं, आणि मला रडू आवरेना. आत बघायचं राहूनच गेलं.