विनंती थांबा

२ फेब्रुवारी, सोमवार

चिंचफाट्यावर आज पाटी लागली! स्वतः जाऊन पाहून आले. बदलापूरहून निघून चिंचफाटा, आनंदनगर, अंबरनाथ आणि शेवटी उल्हासनगर कॅम्प ५ – तिन्ही शहरांना जोडणारी सरकारी पैशातली बस. किती सह्या गोळा केल्या, किती जिने चढले. कॅम्प ५ मधला कापडवाला सिंधी तेवढा एका शब्दात समजला – "अम्मा, बस आएगी तो गिऱ्हाईक आएगा."

पाटीवर ‘रिक्वेस्ट स्टॉप’ लिहिणार होते. परिवहनचा तो सुयोग, त्याला फोनवर सुनावलं. महाराष्ट्रात आहात ना? मराठीत लिहा! आता ठसठशीत अक्षरं आहेत – ‘विनंती थांबा’. सुटसुटीत. हात दाखवला तर गाडी उभी राहील, नाहीतर पुढे.

उद्घाटनही होऊ दिलं नाही. मंडप, हार, भाषणं कशाला? त्या पैशात डिझेल घाला, म्हटलं.

हेमचंद्र म्हणतात, "सुनंदा, बस तुझी, पाटी तुझी. कंडक्टर तेवढा दुसरा कशाला ठेवलास?" बोलोत. हे जन्मभर कंपनीच्या गाडीने ऑफिसला गेले. यांना बस काय कळणार!

५ फेब्रुवारी, गुरुवार

मोतीबाई भाजी घेऊन आली. तिचं गाव चिंचफाट्याच्या आत. नात जिज्ञासा बारावी झाली. तिला आनंदनगरला औषधाच्या कंपनीत पॅकिंगचं काम मिळालंय, पुढच्या महिन्यात हजर व्हायचं. पण तिचा बाप जनू अडून बसलाय. "शेअर रिक्षात बाप्यांच्या मांडीला मांडी लावून नाय जावाचा. बस असंल तर जा, नाय तर घरी बस." स्थळ बघायलाही लागलाय म्हणे.

मुलीला ते काम हवंय. हवंच!

मी विचारलं, "फाट्यावर जाता ना सगळ्या?"

"जातांव ना बाय. रोज थांबतांव."

छान.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सुयोगचा फोन. गाडी प्रायोगिक आहे, महिनाअखेर आढावा. "मॅडम, चिंचफाट्याला एक पॅसेंजर चढत नाही. तो वळसा काढून गाडी सरळ हायवेने न्या, असं वरून चाललंय."

एकही नाही? मग मोतीबाई रोज थांबते ती कुठे?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मोतीबाईला समोर उभं करून विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "थांबतांवच ना बाय! अजून किती थांबाचा?"

धडधडीत खोटं! तुझ्याच नातीच्या मुळावर येतंय, म्हटलं. मेथी न घेता दार लावलं.

जेवताना हेमचंद्रांनी विचारलं, "मेथी?" मी पाहिलं त्यांच्याकडे. त्यांनी गुपचूप आमटी वाढून घेतली.

१३ फेब्रुवारी

दार जरा जोरातच लागलं. असो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काय लिहू! हसू की डोकं आपटू?

सकाळी बदलापूरला गेले आणि गाडीत चढले. डोळ्यांनी बघायचं ठरवलं होतं. गाडी रिकामी. मी, एक म्हातारा आणि त्याची सायकलची ट्यूब. चिंचफाटा आला. पाटीखाली सात-आठ बायका! टोपल्या, पिशव्या, मोतीबाई, जिज्ञासा – सगळ्या शांतपणे गाडीकडे बघताहेत. आणि गाडी सरळ पुढे!

"थांबव!" मी किंचाळले. ड्रायव्हर बबनने ब्रेक मारला. "काकू, हात कुठं दाखवला कोणी? रिक्वेस्ट स्टॉप आहे. त्या तर रिक्षासाठी उभ्या असतात रोज."

उतरले. तरातरा मागे चालत गेले. "हात का नाही दाखवलात?"

"कनाला?" मोतीबाई म्हणाली. "पाटीवर लिवलंय ना."

"काय लिहिलंय?"

"विनंती, थांबा."

मी पाटी वाचली. पुन्हा वाचली. विनंती – थांबा!

जिज्ञासाने नीट सांगितलं. "आजी, गाडी रोज रिकामी जाते. आम्हाला वाटलं ट्रायल चालू आहे. फीत पण नाही कापली अजून. उद्घाटन होईपर्यंत थांबा, असंच असेल ना?"

मोतीबाई वर आणखी – "येवढी विनंती केलीय, मंग मधीच कसा चढाचा? बरा नाय दिसत."

सरकारने हात जोडून सांगितलं असं समजून अख्खं गाव दोन आठवडे शिस्तीत थांबलं! आणि पाटी कुणाची? माझी.

मोतीबाईला तिथेच म्हटलं, चूक माझी. "मंग मेथी घेता का?" म्हणाली. दोन जुड्या घेतल्या.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सुयोग फोनवर इतका हसला की मी फोन कानापासून लांब धरला. पाटी बदलतोय – ‘हात दाखवा, बसमध्ये चढा’. वळशाचा निर्णय मात्र आढाव्यावर. राहिले दहा दिवस. पुरेत!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

उद्घाटन केलं. होय, मीच! फीत म्हणून माझ्या जुन्या साडीची किनार. नारळ मोतीबाईने फोडला, चाकाखाली लिंबू बबननेच ठेवलं. जनूही आला होता, हाताची घडी घालून. गाडीत चढून सीट दाबून पाहिली, दार पाहिलं, कंडक्टरला आपादमस्तक न्याहाळलं. मग मला म्हणाला, "बरी हाय."

म्हणजे होकार.

हेमचंद्र पेढे घेऊन आले आणि पहिल्या सीटवर जाऊन बसले. कॅम्प ५ पर्यंत उतरलेच नाहीत.

२८ फेब्रुवारी, शनिवार

वळसा कायम राहिला!!

२ मार्च, सोमवार

जिज्ञासा कामावर हजर. बसने गेली.

१७ मार्च, मंगळवार

मोतीबाईकडे गेले होते. परतताना फाट्यावर उभी राहिले, गाडी दिसताच हात दाखवला. थांबली नाही! दारापर्यंत माणसं. खिडकीतून जिज्ञासा ओरडली, "आजी, थांबा! फुल आहे!"

दुसरी गाडी तासाने. तिथूनच सुयोगला फोन लावला. म्हणाला, "मॅडम, जादा गाडीचा निधी नाही. विनंती आहे, जरा थांबा."

थांबा म्हणे. मला!